‘उगीच’ बघणाऱ्यांच्या बाजूने

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत ठाकूरद्वारला माझ्या भाच्याकडे एक मेलेली हार्ड डिस्क निघाली. त्याच्या साखरपुड्याचे फोटो तिच्यात होते. लॅमिंग्टन रोडवर दोन दुकानांत तो ती दाखवून आला होता आणि दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं होतं : हेड गेलंय, आतून टिकटिक येतेय, डेटा काढायचा तर नव्या डिस्कच्या कितीतरी पट खर्च येईल. फोटो मग पाहुण्यांच्या मोबाइलवरून गोळा झाले आणि डिस्क भंगारवाल्याच्या गोणीकडे निघाली. मी ती मागून घेतली. ‘‘आत्या, तू काय करणार हिचं?’’ ‘‘उघडून बघणार.’’ ‘‘कशाला?’’

मला सांगता येईना. परळच्या एका शाळेत मी ३४ वर्षं विज्ञान शिकवलं, आणि तरीही या प्रश्नापुढे मी दर वेळी गप्प होते.

लालबागला आमच्या मजल्यावर सहावीतली एक मुलगी आहे. डिस्क घरी आणली त्या संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली. आम्ही दोघी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसलो. झाकणाला सहा पाकळ्यांचे स्क्रू असतात, त्यांना साधा पेचकस चालत नाही; ‘स्टार’ म्हणून मागितला की मिळतो तो लागतो. दिसणारे सगळे स्क्रू काढले तरी झाकण हलेना. तिनेच लेबलवरून अंगठा फिरवला, एके जागी कागद आत दबला, आणि खाली लपलेला शेवटचा स्क्रू सापडला. झाकण निघालं तशी ती ओरडली, ‘‘बाई, आरसा!’’

खरंच आरसा. चेहरा इतका स्वच्छ दिसतो की घरातल्या कपाटाचा आरसा लाजेल. आत धूळ जाऊ नये म्हणून कडेने रबराची पट्टी, कोपऱ्यात औषधाच्या पुडीएवढी पांढरी गाळणी, आणि ग्रामोफोनच्या दांडीसारखी एक बारीक दांडी. तिच्या टोकाला तिळाहून लहान हेड, तबकडीवरचं वाचणारं-लिहिणारं. तबकडीच्या कडेजवळ एक बारीक वर्तुळाकार ओरखडा होता. ‘‘फोटो इथे गेले?’’ तिने विचारलं. हो, इथेच गेले.

तिची आई पाणी भरता भरता थांबली. ‘‘हे परीक्षेला आहे का हो बाई?’’ मी नाही म्हटलं. ‘‘मग काय करताय गं?’’ मुलगी मान वर न करता म्हणाली, ‘‘उगीच. बघतोय.’’

त्या ‘उगीच’ची बाजू घ्यायला मी हे लिहितेय. आपल्या भाषेत या कुतूहलाला चांगलं नावच नाही. आहेत त्या सगळ्या शिव्या : नसती उठाठेव, रिकामटेकडेपणा, भोचकपणा, नसत्या चौकशा. पोरगं घड्याळ उघडून बसलं की पाठीत धपाटा, आणि तेच पोरगं पुढे इंजिनीअर झालं की ‘लहानपणापासूनच हुशार’. मधल्या वर्षांत त्याचं काय झालं, किती पोरांनी धपाटा खाऊन झाकण परत लावून टाकलं, याची मोजदाद कोणी करत नाही.

त्या तबकडीत काय काय आहे ते आधी सांगते. वरून ती एकाच धातूची वाटते. आतला गाभा ॲल्युमिनियमचा, लॅपटॉपच्या डिस्कमध्ये बहुधा काचेचा. आमची ॲल्युमिनियमची होती. त्यावर निकेल आणि फॉस्फरसचा लेप, तो घासून आरशासारखा केलेला. त्याच्या वर रुथेनियमचा अतिपातळ थर, मग कोबाल्ट, क्रोमियम आणि प्लॅटिनम यांचा चुंबकी थर. आपले फोटो, पगारपत्रकं, सातबारे आणि बँकेची खाती राहतात ती याच थरात. त्यावर हिऱ्याच्या जातीचं कठीण कार्बन, आणि सगळ्यात वर वंगणाचा एवढा पातळ हात की जाडी रेणूंत मोजावी. ही तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. साडेतीन इंची डिस्कमध्ये कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. दादरहून सुटलेली फास्ट लोकलही इतकी पळत नाही. आणि हेड तिला न टेकता वरून तरंगतं. केसाच्या जाडीचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एखाद्या भागाएवढं अंतर.

१९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क विकली तेव्हा तिच्यात दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गंजाच्या भाऊबंदाचा, तपकिरी रंग फासलेला होता. सगळ्या मिळून पन्नास लाख अक्षरं मावत. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो तिच्यात कसाबसा बसेल.

गंजापासून रुथेनियमपर्यंतची ही वाट कोणी ठरवून आखली नव्हती. रुथेनियमचंच घ्या. १८४४ साली रशियात कझान शहरी कार्ल क्लाऊस नावाचा रसायनशास्त्रज्ञ उरल पर्वतातल्या प्लॅटिनमच्या खनिजातून उरलेला गाळ तपासत बसला होता. मोलाचं होतं ते काढून झालेलं होतं. त्या उरल्यासुरल्या गाळात त्याला नवं मूलद्रव्य सापडलं आणि त्याने देशावरून त्याचं नाव ठेवलं. २००१ साली आयबीएमने दोन चुंबकी थरांच्या मध्ये फक्त तीन अणूंच्या जाडीचा रुथेनियमचा पापुद्रा घातला. दोन्ही थर त्यामुळे एकमेकांना सावरून धरू लागले आणि त्याच जागेत कितीतरी जास्त माहिती राहू लागली. त्या पापुद्र्याला तिथल्या मंडळींनी लाडाने ‘परीची धूळ’ म्हटलं. क्लाऊसच्या गाळापासून या धुळीपर्यंत १५७ वर्षं गेली.

हेडचीही गोष्ट तशीच. चुंबकत्वाने लोखंडाचा विजेला होणारा विरोध किंचित बदलतो, हे लॉर्ड केल्विनने १८५७ मध्ये नोंदवून ठेवलं. १९८८ मध्ये फ्रान्समध्ये अल्बर्ट फेर आणि जर्मनीत पेटर ग्रुनबर्ग यांना, एकमेकांना न विचारता, लोखंड आणि क्रोमियमच्या पातळ थरांत तोच बदल कितीतरी मोठा झालेला दिसला. नऊ वर्षांत तो हार्ड डिस्कच्या हेडमध्ये आला, आणि २००७ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. हे मी भरभर सांगतेय, कारण मला थांबायचंय ते डिस्कच्या कोपऱ्यातल्या चुंबकापाशी. तो आपल्या गल्लीतून गेलेला आहे.

दांडीच्या मागच्या टोकाला, लोखंडी पट्टीवर चिकटवलेला, केळ्याच्या कापासारखा वळलेला चकचकीत तुकडा असतो. पट्टीपासून तो सोडवताना माझं नख तुटलं. स्टीलच्या डब्यावर ठेवला तर दोन्ही हातांनी ओढावा लागला. मुलीने एक रुपयाचं नाणं जवळ नेलं, ते हातातून उडी मारून चिकटलं. मग मी आतून हिंदालियमचा जाड तवा आणला, तिरपा धरला आणि चुंबक वरून सोडला. हिंदालियम चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा तो घसरून धाडकन खाली यायला हवा होता. तो आला काकवीतून उतरावा तसा, सावकाश. मुलीने मग तो अकरा वेळा सोडून पाहिला. मी मोजले. चुंबक सरकला की तव्याच्या धातूत विजेचे भोवरे उठतात आणि ते त्याला मागे खेचतात, हे मी तिला सातव्या वेळेनंतर सांगितलं. तोवर तिने स्वतःच ठरवलं होतं की ‘‘तवा त्याला ओळखतो, पण चिकटू देत नाही.’’ माझ्या वाक्यापेक्षा तिचं वाक्य जवळचं आहे.

हा चुंबक निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा. निओडिमियमचे दोन अणू, लोखंडाचे चौदा, बोरॉनचा एक. आता हे निओडिमियम आलं कुठून, ते पाहण्यासाठी लालबागच्या मांडवात यायला हवं.

माझे धाकटे काका एका मांडव-डेकोरेटरकडे होते. वरातीला आणि गणपतीला गॅसबत्त्या भाड्याने जायच्या, बायाबापड्या आणि पोरं त्या डोक्यावर घेऊन चालायची. बत्ती पेटवणं हे काकांचं काम. रेशमासारखी मऊ जाळी, तिला ते ‘मेंटल’ म्हणत, दोऱ्याने बांधायची. आधी ती जाळायची. जळून तिची पांढरी राख होते, पण आकार तसाच राहतो, कोळ्याच्या जाळ्यासारखा. मग पंप मारायचा, आणि त्या राखेतून असा प्रकाश यायचा की बघवत नसे. मी सातेक वर्षांची असताना विझलेल्या बत्तीच्या त्या राखेला बोट लावलं. पुरी जाळी क्षणात ढासळली. काका रागावले नाहीत, फक्त नवी जाळी बांधायला लागले. मी विचारलं, ‘‘काका, राख कशी काय उजेड देते?’’ ते म्हणाले, ‘‘नसत्या चौकशा करू नकोस. काडेपेटी दे.’’

त्या चौकशीचं उत्तर व्हिएन्नाच्या एका माणसाकडे होतं. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख. हायडेलबर्गला तो बुनसेनचा विद्यार्थी, आणि त्याला ‘दुर्मीळ मृदा’ नावाच्या, तेव्हा कोणाच्याही कामाच्या नसलेल्या पदार्थांचा नाद लागलेला. नाव दुर्मीळ, पण त्यातली बरीचशी तशी दुर्मीळ नाहीत. पृथ्वीच्या कवचात निओडिमियम शिशापेक्षा जास्त आहे. ती एकमेकांपासून सुटी करणं मात्र महाकठीण, कारण सगळ्यांचे गुण सारखे. स्टॉकहोममध्ये मोसांडरने १८४१ मध्ये त्यातून ‘डिडिमियम’ वेगळं काढलं होतं. नावाचा अर्थ जुळं. सगळ्यांनी ते एकच मूलद्रव्य मानलं. आउअर त्याचे स्फटिक करत राहिला, विरघळवत राहिला, पुन्हा स्फटिक करत राहिला, आणि १८८५ मध्ये खरोखरच दोन जुळी भावंडं वेगळी झाली : एकाचे क्षार हिरवे, दुसऱ्याचे जांभळट गुलाबी. हिरवं ते प्रॅसिओडिमियम. जांभळं ते निओडिमियम, नवं जुळं.

याच खटपटीत त्याच्या लक्षात आलं की यांतल्या काही ऑक्साइडांनी भिजवलेली कापसाची जाळी ज्योतीत ठेवली तर ती लखलखते. चुकत-माकत १८९१ पर्यंत त्याला नेमकं मिश्रण सापडलं : नव्याण्णव भाग थोरियम ऑक्साइड, एक भाग सीरियम ऑक्साइड. हीच काकांची मेंटल. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ मध्येच लागले होते, पण उघड्या ज्योतीचे, मिणमिणते. लालबागला आजही टॅक्सीवाल्याला ‘गॅस कंपनी’ म्हटलं की तो बरोबर त्या गल्लीशी आणून सोडतो. कंपनी गेली, दिवे गेले, नाव राहिलं.

थोरियम हवं म्हणजे मोनाझाइट हे खनिज हवं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोम्बर्ग नावाच्या एका जर्मन रसायनतज्ज्ञाला, त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे पिवळसर कण दिसले. काथ्या झटकून वाळू केरात टाकायची, हा सगळ्या जगाचा रिवाज. एकाने ती पाहिली. कन्याकुमारीजवळच्या मनवलकुरिचीची आणि केरळातल्या चवऱ्याची काळी वाळू त्यानंतर जगाच्या नकाशावर आली, आणि त्या वाळूतल्या थोरियमवर युरोपातल्या रस्त्यांचे दिवे जळले. या वाळूतून थोरियम काढून घेतलं की खाली उरतं ते दुर्मीळ मृदांचं गाठोडं. त्यात निओडिमियम असतंच. पण त्याचं करायचं काय? आउअरनेच १९०३ मध्ये त्या उरलेल्या गाठोड्यातून लायटरचा ठिणगी पाडणारा खडा बनवला. निओडिमियम स्वतः मात्र काचेला जांभळा रंग देण्यासारख्या फुटकळ कामांपुरतं राहिलं.

स्वातंत्र्यानंतर या वाळूचा कारभार आपल्या हातात आला. १८ ऑगस्ट १९५० रोजी ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ ही कंपनी स्थापन झाली, डिसेंबर १९५२ मध्ये केरळात अलवायेच्या कारखान्याचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं, आणि १९५५ पासून तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्ब्याला, थोरियमचा कारखाना चालू झाला. मेंटलला लागणारं थोरियम नायट्रेट तिथे बनायचं. माझ्या बोटाने जी राख ढासळली तिचं मूळ आमच्या घरापासून पंधरा किलोमीटरांच्या आत असावं, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

आणि या कंपनीचं मुख्य कार्यालय कुठे आहे? प्रभादेवीला, वीर सावरकर मार्गावर, सिद्धिविनायकाच्या शेजारी. मंगळवारी पहाटेपासून तिथे रांगा लागतात. जास्वंदीचा हार आणि मोदकाची पुडी हातात धरून, दुसऱ्या हाताने मोबाइल चाळत, लाखो माणसं त्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावरून जातात. त्या मोबाइलच्या थरथरणाऱ्या मोटरीत आणि स्पीकरमध्येही निओडिमियमचा चुंबक असतो. मी स्वतः चाळीस वर्षं त्या रांगेत उभी राहिले आणि त्या कार्यालयावरच्या पाटीचा अर्थ मला कोणी सांगितला नाही, मीही विचारला नाही. याची मला आज खंत वाटते.

निओडिमियमचा खरा उपयोग सापडला १९८२ मध्ये. जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी वेगवेगळ्या वाटांनी तो चुंबक बनवला. सापडल्यापासून ९७ वर्षांनी. या चुंबकामुळे हार्ड डिस्क तळहातावर मावली, आणि पुढे त्यावरच विजेवरच्या गाड्या आणि समुद्रातल्या पवनचक्क्या फिरू लागल्या.

१९८२ हे साल परळ-लालबागच्या माणसाला सांगावं लागत नाही. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे वडील साचेखात्यात होते.

इथे मला एक आक्षेप समोर घ्यायचाय, कारण तो माझ्याच घरातला आहे. ‘उगीच’ कुतूहल हे पोट भरलेल्यांचं काम, असं पुष्कळजण म्हणतात. गिरगावच्या एखाद्या सुखवस्तू घरात परवडेल, गिरणगावात नाही. वडील दहा तास साच्यांच्या खडखडाटात उभे असत, घरी आले की काही वेळ त्यांना ऐकूही नीट येत नसे. पण त्यांनी एकदा खात्यातून टाकून दिलेली एक लाकडी पट्टी घरी आणली होती. डॉबीची पट्टी. तिला भोकं असतात, काही भोकांत खुंटी, काही रिकामी. अशा पट्ट्यांची माळ साच्यावर फिरते; जिथे खुंटी तिथे धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथे खाली राहतो, आणि धोतराच्या काठावर नक्षी उमटते. मला मांडीवर घेऊन ते ती पट्टी बोटांनी चाचपत आणि म्हणत, ‘‘बघ, काठ यात लिहून ठेवलाय.’’ हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. जॉबर त्यांना त्यासाठी पैसे देत नव्हता. ते रिकाम्या वेळात माळ मोजत, कोणती खुंटी काढली तर काठ कसा बदलेल ते मनात धरत, आणि नंतर खरंच तसं होतं का ते पाहत.

संपात त्यांच्या हाताला काम राहिलं नाही. आई पोळ्या लाटून द्यायची, मी शिकवण्या घ्यायचे. वडिलांनी त्या दीड वर्षात मजल्यावरचे सगळे बंद रेडिओ आणि घड्याळं उघडली. दोन घड्याळं चालू झाली, रेडिओ एकही नाही. शेजारी हसत. कोणी त्यांना त्यावर नोकरी दिली नाही, आणि गिरणी त्यांच्यासाठी परत उघडली नाही. या कुतूहलाने आमच्या घरात एक पैसा आला नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण ज्या महिन्यांत आमच्या चाळीतली अनेक माणसं आतून विझत गेली, त्या महिन्यांत माझे वडील सकाळी उठून खिडकीपाशी उजेडात बसत आणि घड्याळाच्या चाकांकडे बघत. त्यांचे डोळे शेवटपर्यंत जागे होते. भुकेल्या माणसाला कुतूहल परवडत नाही, असं म्हणणाऱ्याने त्यांना पाहिलं नाही.

ती पट्टी माझ्याकडे आहे. मी ती मुलीसमोर हार्ड डिस्कच्या शेजारी ठेवली. खुंटी आहे, खुंटी नाही. चुंबकाचं टोक वर, टोक खाली. तिने दोन्हींकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘म्हणजे आजोबांना कॉम्प्युटर येत होता.’’

आता शाळेचं. वर्गात मी एक खोका ठेवला होता : मोडकी इस्त्री, पंख्याचं कॉइल, स्पीकर, बंद कॅल्क्युलेटर. मधल्या सुट्टीत ज्याला हवं त्याने उघडावं, गुण नाहीत, प्रश्न नाहीत. एका तपासणीत तो खोका दिसला. हा अभ्यासक्रमात कुठे बसतो, असं विचारलं गेलं. मी सांगू शकले नाही. त्या आठवड्यात खोका भंगारात गेला आणि त्या जागी तक्त्यांचं कपाट आलं. मी भांडायला हवं होतं. मी नोकरी सांभाळली. आमच्या शाळेपुरतीच ही गोष्ट असती तर इथे लिहिली नसती, पण निवृत्त शिक्षकांच्या प्रत्येक बैठकीत अशीच एखादी गोष्ट निघते.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा आणि त्यांचे चुंबक यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि आपल्या वाहन उद्योगाला धाप लागली. नोव्हेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशात असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चांगलं झालं, उशिरा का होईना. वाळू आपली, कंपनी १९५० पासूनची, मग चुंबक आजवर बाहेरून का आणत राहिलो, याची कारणं पुष्कळ आहेत : भांडवल, बाजारपेठ, मोनाझाइट किरणोत्सारी असल्याने त्यावरचे निर्बंध. सगळं खापर कुतूहलाच्या अभावावर फोडणं खोटं ठरेल. पण एक गोष्ट मला दिसते ती बोलते. ही योजना आज ज्याची गरज कळली आहे त्यासाठी आहे. १८८५ मध्ये एखाद्या सरकारने गरजेच्या वस्तूंची यादी केली असती तर निओडिमियम त्यात नसतं. १९५० च्या यादीतही नसतं. पुढच्या शंभर वर्षांत काय लागणार आहे ते आजच्या कोणत्याच यादीत नाही. ते कोणाच्या तरी गाळात, काथ्याला चिकटलेल्या वाळूत पडलेलं आहे. ते उचलायला असा कोणीतरी लागतो ज्याला ‘कशाला?’ असं दर पाच मिनिटांनी विचारलं जात नाही.

आपल्याकडे अशी माणसं झाली आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक, पुण्याहून डेक्कन क्वीनने येत-जात. ते जुनी चांदीची नाणी हजारोंनी तोलत बसले. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं, आणि ती झीज संख्याशास्त्राने मोजता येते, एवढ्या एका धाग्यावर त्यांनी प्राचीन भारताच्या इतिहासाकडे जायची वाट काढली. गणितज्ञाने नाणी कशाला तोलावीत? त्यांना तोलू दिली गेली, तोवर दोन्ही शास्त्रांचं भलं झालं.

माझं मागणं छोटं आहे. महापालिकेच्या प्रत्येक शाळेत एक मोडक्या वस्तूंचं टेबल असावं आणि पंधरा दिवसांतून एक तास त्यासाठी राखावा. त्याला गुण नकोत, प्रकल्पवही नको, प्रदर्शन नको. प्रदर्शन आलं की पालक येतात आणि थर्माकोल येतो. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारांनी आठवड्याच्या मेलेल्या डिस्कांतल्या दोन-चार बाजूला काढून जवळच्या शाळेला द्याव्यात. डेटाची भीती असेल तर तबकड्या काढून ठेवून बाकीचं द्यावं. आणि प्रभादेवीच्या त्या कार्यालयाने, आपल्या फाटकाशी, रांगेतल्या पोरांना दिसेल अशा उंचीवर एक काचेची पेटी लावावी. आत त्रावणकोरची काळी वाळू, एक जुनी मेंटल, एक उघडलेली हार्ड डिस्क. खाली मराठीत चार ओळी. रांगेत दोन तास उभ्या पोराला एवढं पुरेल.

ते होईल तेव्हा होईल. घरात मेलेली डिस्क असेल तर तुम्ही तोवर थांबू नका. उघडताना तेवढी काळजी घ्या : लॅपटॉपची तबकडी बहुधा काचेची असते, वाकवली तर तिच्या चिंधड्या होतात, ती मोठ्यांनीच काढावी. दोन चुंबक एकमेकांजवळ नेऊ नका, बोट चिरडतं. लहान बाळाच्या हाती तुकडा लागू देऊ नका, आणि पेसमेकर असलेल्या आजोबांपासून तो लांब ठेवा. जुना टीव्ही आणि कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय मुलांना उघडायला देऊ नका, बंद असला तरी त्यात वीज साठलेली असते. बाकी सगळं त्यांना करू द्या. स्टार स्क्रूड्रायव्हर टी-८ मापाचा मागा. लॅमिंग्टन रोडवर रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी जा, आणि पोराला बरोबर न्या.